कुंपणाबाहेरचा दवाखाना

सुरतेहून तापीच्या मुखाकडे निघालात की हजिऱ्याच्या रस्त्यावर पाट्याच पाट्या दिसतात. कृभको, ओएनजीसी, एल अँड टी, आर्सेलर मित्तल निप्पॉन स्टील, पुढे द्रवरूप वायूचे टर्मिनल आणि अदाणींचे बंदर. चाळीसएक वर्षांत हा खाडीकाठ देशातल्या बड्या भांडवलाचा मुलूख झाला. मोरा, सुवाली, दामका ही गावे याच पट्ट्यातली. गुजरातेत ग्रामीण भागाच्या आरोग्याची जबाबदारी जिल्हा पंचायतीच्या आरोग्य विभागाकडे असते, म्हणजे आपल्याकडच्या जिल्हा परिषदेसारखीच. सुरत शहराने 1994 च्या प्लेगनंतर आयुक्त एस. आर. राव यांच्या काळात स्वतःला कसे सावरले, हे पुष्कळदा सांगितले जाते. पण त्या कामामागे महापालिकेची स्वतःची करवसुली होती, स्वतःचे अधिकार होते. ग्रामीण आरोग्य विभागाकडे यातले काहीच नसते.

ग्रामीण आरोग्याचा विषय निघाला की गाडी लगेच ‘निधी नाही’ यावर येते. हजिऱ्यात तरी ही तक्रार अपुरी आहे. कंपनी कायदा, 2013 च्या कलम 135 प्रमाणे ठरावीक आकारापुढच्या कंपन्यांनी मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या किमान दोन टक्के रक्कम सामाजिक कामांवर खर्च करायची असते, आणि कारखान्याच्या परिसराला प्राधान्य द्यायचे असते. दुसरीकडे, राष्ट्रीय आरोग्य अभियानातून गावाच्या आरोग्य, स्वच्छता व पोषण समितीच्या हाती वर्षाला येतात ते साधारण दहा हजार रुपये. पैसा गावाच्या शिवारातच आहे. फक्त तो सरकारी आरोग्य विभागाच्या आराखड्यातून वाहत नाही, त्याला वळसा घालून जातो.

तो कसा जातो हे कोणत्याही औद्योगिक पट्ट्यातल्या शिबिरात पाहावे. मांडव, बॅनर, रक्तदाब मोजायचे यंत्र, चष्मेवाटप, लोहाच्या गोळ्या, फोटो. मग पाहुणे जातात आणि वाढलेल्या रक्तदाबाचा कागद रुग्णाच्या खिशात राहतो. पुढच्या महिन्याची गोळी त्याला कोण देणार? आशाताईंच्या वहीत त्याचे नाव नाही आणि प्राथमिक आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांना शिबिराची यादी मिळालेली नाही. फिरत्या दवाखान्याच्या गाडीचेही तेच. गाडी दिसते, तिच्यावर नाव रंगवता येते. परिचारिकेच्या पगारावर नाव रंगवता येत नाही, म्हणून तो कुणी देत नाही. कायदा मात्र आडवा येत नाही. 2021 च्या सुधारित नियमांनुसार ‘चालू प्रकल्प’ सुरुवातीच्या वर्षानंतर आणखी तीन वर्षे चालवता येतो. इतक्या काळात एक प्रशिक्षित माणूस आरोग्य केंद्रात उभा राहू शकतो.

माणूस उभा करणे म्हणजे काय, ते कुंपणाच्या आत-बाहेर पाहिले की कळते. भोपाळनंतर, 1987 मध्ये, कारखाने कायद्यात दुरुस्ती झाली आणि धोकादायक प्रक्रियेतल्या कामगारांची वैद्यकीय तपासणी व नोंदी बंधनकारक झाल्या. कारखान्याच्या डॉक्टरांसाठी औद्योगिक आरोग्याचा तीन महिन्यांचा अभ्यासक्रम आहे. कुंपणाबाहेरच्या आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरवर मात्र असे कसलेच बंधन नाही, आणि ठेकेदाराचा मजूर ताप-खोकला घेऊन येतो तो बहुधा त्याच्याकडेच. केसपेपरवर नाव, वय, गाव, तक्रार लिहिली जाते. हा माणूस वेल्डिंग करतो की भट्टीजवळ राबतो, हे सहसा कुणी विचारत नाही. खोकला धुळीचा की क्षयाचा, याचा निवाडा मग अंदाजाने होतो. धुळे-नंदुरबारकडून सुरतेत आलेली किती माणसे क्षयाचे अर्धवट उपचार घेऊन गावी परततात, याची चिंता खानदेशातल्या आरोग्य केंद्रांनीही करायला हवी. त्यातच मैदानी भागात तीस हजार लोकांमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र, हा निकष लावायचा तो 2011 च्या जनगणनेवर. भाड्याच्या खोल्यांत दाटीवाटीने राहणारा परप्रांतीय मजूर त्या हिशेबात येतच नाही.

प्रशिक्षणाची सोय लांब नाही. राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्था अहमदाबादेत आहे, सार्वजनिक आरोग्याची भारतीय संस्था गांधीनगरात, केंद्रीय श्रम संस्था मुंबईत शीवला. डॉक्टर, आरोग्यसेविका आणि सामुदायिक आरोग्य अधिकारी यांना तिथे पाठवायचे, त्या काळात बदली माणूस द्यायचा, एवढाच खर्च. पण ‘प्रशिक्षण’ म्हटले की आपल्याकडे एक दिवसाची कार्यशाळा आणि दुपारचे जेवण एवढेच डोळ्यांसमोर येते!

सहकार्य जमतच नाही, असेही नाही. झगडिया सुरतेपासून फार लांब नाही. तिथे डॉ. अनिल आणि डॉ. लता देसाई यांनी 1980 मध्ये सेवा रूरल सुरू केली, आणि काही वर्षांतच गुजरात सरकारने तिथले प्राथमिक आरोग्य केंद्र या संस्थेच्या हाती सोपवून पाहिले. आशांच्या हाती मोबाइल देऊन गर्भवती आणि बाळांचा पाठपुरावा करण्याचा तिथला प्रयोग पुढे राज्यभर नेला गेला. गडचिरोलीत ‘सर्च’ने गावातल्या बाईला नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकवले. ते काम 1999 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आले आणि नंतर देशभरातल्या आशांच्या कामाचा भाग झाले. दोन्हीकडे इमारतीआधी माणूस घडला. खुद्द हजिऱ्यातही, 2021 च्या दुसऱ्या लाटेत, पोलाद कारखान्याच्याच ऑक्सिजनवर चालणारे 250 खाटांचे तात्पुरते कोविड रुग्णालय उभे राहिले. गरज नेमकी ठाऊक होती, म्हणून काम झाले.

इथे एक रास्त शंका येते. ज्याच्या धुराड्याखाली गाव आहे, त्याच्याच पैशावर त्या गावाच्या फुप्फुसांची मोजदाद करायची? माझ्या मते पैसा घ्यावा, मोजदाद मात्र देऊ नये. अनेक कंपन्यांची रक्कम जिल्हा आरोग्य सोसायटीत एकत्र यावी, कामांची यादी आरोग्य विभागाने करावी, नोंदी त्याच्याच मालकीच्या असाव्यात आणि त्या ग्रामसभेपुढे वाचल्या जाव्यात. ज्या कंपनीला ही अट नको असेल, तिने खुशाल चष्मे वाटावेत.

यासाठी नवी समिती नको. रासायनिक अपघातांच्या 1996 च्या नियमांनी स्थानिक आपत्ती गट आधीच ठरवून दिला आहे. त्यात उपविभागीय दंडाधिकारी, कारखाना निरीक्षक, उद्योगांचे प्रतिनिधी, सरपंच आणि प्राथमिक आरोग्य अधिकारी एकाच टेबलाशी बसतात. बैठक दर महिन्याला आणि पूर्ण रंगीत तालीम सहा महिन्यांतून एकदा, असे नियम सांगतो. 24 सप्टेंबर 2020 च्या पहाटे ओएनजीसीच्या हजिरा प्रकल्पात स्फोट होऊन आग लागली, तेव्हा असा गट कशासाठी लागतो हे सगळ्या गावांना कळले असेल. कोणत्या कारखान्यात काय साठवले आहे, कुठल्या वायूवर कोणता उपचार, किती रुग्ण कुठे न्यायचे, हे आरोग्य केंद्राच्या डॉक्टरला याच टेबलावर विचारता येते. प्रशिक्षण आणि निधीची मागणीही इथेच, सगळ्यांदेखत, इतिवृत्तात नोंदवता येते.

हा नियम साऱ्या देशाला लागू आहे. तारापूर-बोईसर, रोहा, लोटे-परशुराम, पाताळगंगा इथल्या वाचकांनी माहितीच्या अधिकारात एकच अर्ज करावा: आमच्या स्थानिक आपत्ती गटाच्या मागच्या वर्षभराच्या बैठकांची इतिवृत्ते द्या, आणि प्राथमिक आरोग्य अधिकारी त्यांपैकी किती बैठकांना हजर होते तेही कळवा.