खर्च कुणाच्या नावावर?

बुरूज बांधायला निघालेल्या माणसाने आधी बसून खर्चाचा अंदाज घ्यावा, असा येशूचा एक दृष्टांत लूकच्या शुभवर्तमानात आहे. त्याच्या जरा आधी आईबाप, बायकोमुले यांच्यापेक्षा आपल्याला वरचे स्थान दिल्याशिवाय शिष्य होता येणार नाही, असे तो बजावतो. यावर प्रवचने पुष्कळ होतात. शिष्याने काय सोडले, हे त्यांत येते. ज्यांना सोडले त्यांचे काय झाले, हे क्वचितच.

कवी नारायण वामन टिळकांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. जात गेली, गणगोत तुटले. त्यांचा त्याग खोटा म्हणायची माझी छाती नाही. पण त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई तेव्हा लहानग्या दत्तूला घेऊन नातलगांकडे होत्या आणि त्यांना कुणी विचारले नव्हते. नवरा जिवंत, कपाळावर कुंकू, तरी लोकांच्या लेखी संसार बुडालेला. ज्या घरात वडील बाजारातून आलेले मीठसुद्धा धुवायला लावत, त्या घरची ही मुलगी. नवऱ्याचे बाटणे तिला काय वाटले असेल, ते तिचे आत्मचरित्र ‘स्मृतिचित्रे’ वाचणाऱ्याला सांगावे लागत नाही. म्हणून ‘टिळकांनी सर्वस्व सोडले’ असे भाषणात ऐकले की मी अडखळतो. त्या सर्वस्वात एक हाडामांसाची बाई होती.

सरकारलाही काळजी होती ती धर्म बदलणाऱ्याची. १८५० च्या कायद्याने त्याचा वारसाहक्क राखला. १८६६ च्या कायद्याने, बायको धर्मापायी नांदायला तयार नसेल तर ख्रिस्ती झालेल्या नवऱ्याला कोर्टात जाता येई. तिला विचार करायला वर्षभराची मुदत मिळे आणि तरीही ती नाही म्हणाली तर लग्न मोडता येई. मग दोघेही पुन्हा लग्नाला मोकळे. कागदावर बरोबरी चोख! त्या काळच्या ब्राह्मण घरातल्या बाईला ती मोकळीक काय कामाची? टिळकांनी ही वाट धरली नाही, ते थांबले, हे त्यांच्या बाजूने नोंदवलेच पाहिजे.

आपल्याकडे हा पेच जुनाच आहे. ज्ञानेश्वरांचे वडील विठ्ठलपंत यांनी बायको असल्याचे लपवून संन्यास घेतला, गुरूंना कळताच त्यांनी परत घरी धाडले, अशी कथा आहे. गुरूंनी निदान त्या बायकोला, रुक्मिणीबाईंना, मोजले. पुढे संन्याशाची पोरे म्हणून हिणवले गेले ते मात्र ज्ञानेश्वरादी भावंडांना.

बाप्तिस्म्यानंतर काही वर्षांनी लक्ष्मीबाई टिळकांकडे राहायला आल्या, पण धर्म सोडून नव्हे. सुरुवातीला सोवळे कायम, स्वयंपाक वेगळा. नवऱ्याबरोबर राहायचे म्हणजे त्याच्या देवाबरोबरही राहायचे, हे त्यांनी गृहीत धरले नाही. जातिभेद माणसानेच केला, अशी खात्री पटली तेव्हा तो त्यांनी आपल्या मनाने टाकला आणि १९०० मध्ये बाप्तिस्मा घेतला. मला टिळकांच्या १८९५ पेक्षा हे १९०० साल मोठे वाटते. शिष्यत्वाला काय पडते, याचा पाच वर्षांचा अनुभव गाठीशी घेऊन कुणी बाप्तिस्म्याला उभे राहिल्याचे उदाहरण विरळाच. टिळकांच्या मृत्यूने अपुरे राहिलेले ‘ख्रिस्तायन’ हे काव्यही पुढे त्यांनीच पुरे केले.