न धुतलेला रोल

फिल्म धुण्याआधी तिच्यावर फोटो असतो का? लातूरच्या माझ्या स्टुडिओत या प्रश्नावरून संस्कृतचे एक निवृत्त प्राध्यापक आणि मी नेहमी वाद घालतो. सर न्यायमताचे. मडकं घडेपर्यंत मडकं नसतंच, त्याचा प्रागभाव असतो; तसा डेव्हलपरमध्ये जाईपर्यंत फोटो नाही. मला सांख्यांचं पटतं. तिळात तेल आधीच असतं म्हणून घाण्यातून निघतं.

शटर उघडलं की सिल्व्हर ब्रोमाइडच्या कणांवर चांदीचे मोजके अणू साठतात. डोळ्याला काहीच दिसत नाही. डेव्हलपर नेमक्या त्याच कणांची चांदी करतो. कोऱ्या रोलला तेच रसायन दिलं तर कोरीच निगेटिव्ह निघते. सर म्हणतात, ते अणू फोटोचं कारण, फोटो नव्हे.

३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर किल्लारीकडचे एक गृहस्थ ढिगाऱ्यातून काढलेला कॅमेरा घेऊन आले होते. धुळीनं माखलेला, मागचं झाकण किंचित उघडलेलं. रोल बाहेर काढण्याआधीच त्यांनी विचारलं, "ह्यात हाय ना माझी पोरगी?" मी म्हटलं, आहे. उजेड लागलेल्या फ्रेम काळ्याठिक्कर निघाल्या, आतल्या आल्या. दारात, फणी हातात घेतलेली, केस अर्धे विंचरलेले. नसलेल्या गोष्टीबद्दल मी त्यांना 'आहे' म्हणालो, हे मला मान्य नाही.

धुतलेल्या निगेटिव्हला विमानतळावरचे क्ष-किरण काही करत नाहीत, न धुतलेल्या रोलला मात्र बाधतात. जे अव्यक्त आहे तेच हळवं असतं, येईल तो किरण आपलासा करतं. नांदेडच्या हल्लाबोल मिरवणुकीत निहंग शिखांचे घोडे उधळतात, तिथं मी ८०० आयएसओची, जास्त हळवी फिल्म वापरतो. ती तर एक्स-रे मशीनमध्ये घालूच नये. नव्या सीटी स्कॅनरमध्ये १०० ची फिल्मसुद्धा एका फेरीत खराब होऊ शकते, आणि सामानात दिलेल्या बॅगेचा एक्स-रे आणखी कडक असतो. चित्र पुसलं जात नाही, त्यावर करडं धुकं चढतं. सांख्य ज्याला आवरण म्हणतील तेच हे, आणि आवरण पडायला खाली काहीतरी असावं लागतं.

म्हणून रोल पारदर्शक पिशवीत, हातात ठेवतो आणि हातानं तपासा अशी विनंती करतो. कर्मचारी म्हणतात, उघडून दाखवा. इथं प्रत्यक्ष प्रमाण चालत नाही. पाहिलं की गेलं. त्यांना माझ्या शब्दावर विसंबावं लागतं, आणि शब्द हे प्रमाण सरांचं न्यायशास्त्रही मानतं.