जोड आणि शत्रू

सप्टेंबर २०२५मध्ये दुबईत आशिया चषकाच्या तीन सामन्यांत भारतीय खेळाडूंनी पाकिस्तानी खेळाडूंशी हस्तांदोलन केले नाही आणि आपल्याकडे चर्चेला ऊत आला. एक पक्ष म्हणाला, खेळात राजकारण आणू नका. दुसरा म्हणाला, रक्त सांडलेले असताना खेळ कसला? मैदानात समोर उभा असतो तो शत्रूच, हे दोघांनीही न बोलता धरून चालले होते. त्याच्याशी सभ्यपणे वागायचे की नाही, एवढाच काय तो वाद.

या समजुतीला प्रतिष्ठा मिळवून दिली जॉर्ज ऑर्वेलने. नोव्हेंबर १९४५मध्ये मॉस्कोचा डायनॅमो हा फुटबॉल संघ ब्रिटनमध्ये चार सामने खेळून गेला. पुढच्याच महिन्यात ऑर्वेलने लिहिलेल्या लेखाचा आशय असा, की आंतरराष्ट्रीय खेळ म्हणजे बंदुकीवाचून चाललेले युद्ध. प्रेक्षकांपुरते त्याचे म्हणणे खरे आहे, हे मी मान्य करतो. पण त्या चारपैकी दोन सामने बरोबरीत सुटले होते! प्रेक्षकांकडे टक लावून बसलेल्या या बुद्धिमान माणसाने खेळणाऱ्यांकडे पुरेसे पाहिले नाही, असे मला वाटते. खेळाला अफू म्हणणाऱ्यांनी पहाटे एकदा तालमीत जाऊन यावे. खेळाने चारित्र्य घडते म्हणणाऱ्यांनी क्रीडा संघटनांच्या निवडणुका पाहाव्यात. ऑर्वेलला मात्र इतक्या स्वस्तात सोडता येत नाही, कारण त्याची चूक आपल्या सगळ्यांच्या अंगवळणी पडली आहे.

आपल्या जत्रेतल्या कुस्त्यांच्या फडाला ही चूक कळते. तिथे हलगी वाजत असते, लंगोट लावलेला गडी हौद्यात फेरी मारतो आणि शोधतो ती जोड. वजन, उंची, ताकद जमली तरच कुस्ती लागते. दांडग्या गड्यासमोर पोरसवदा पोर उभे केले तर लोकच ओरडतात, ‘ही जोड नव्हं!’ आणि इनामाची रक्कम कितीही मोठी असली तरी त्या कुस्तीत राम उरत नाही. युद्धाचे नेमके उलटे. तिथे शत्रू जितका बेसावध तितका बरा. १६६३मध्ये लाल महालात शायिस्तेखानावर रात्री घातलेल्या छाप्याचा आपल्याला अभिमान आहे, आणि तो असायलाच हवा. आखाड्यात मात्र झोपलेल्याची पाठ लावून कुणी पैलवान ठरत नाही. पॅरिसमध्ये ऑगस्ट २०२४मध्ये विनेश फोगाट शंभर ग्रॅम वजन जास्त भरल्याने अंतिम फेरीतून बाद झाली. नियम निर्दय वाटला, मलाही वाटला. पण प्रतिपक्षाला तराजूवर उभे करून मगच अंगावर घेणारे सैन्य कुठे आहे?

म्हणून दुबईत हात दिला की नाही, याला मी फार किंमत देत नाही. नाणेफेकीला गेलात, तेव्हाच समोरच्याला जोड मानलेत. ते मानायचे नसेल तर खेळूच नये, ही भूमिका मला समजते. खेळायचे आणि मानलेच नाही म्हणायचे, हे समजत नाही.

जोड मानणे ही केवढी मोठी गोष्ट आहे, हे पाळवणकर बाळू यांच्या कहाणीत दिसते. चर्मकार समाजातला हा डावखुरा फिरकी गोलंदाज पुण्यातल्या गोऱ्यांच्या क्लबात मैदानाची कामे करायचा, सरावाला त्यांना चेंडू टाकायचा. त्याची गोलंदाजी आधी कळली ती त्या गोऱ्यांना, म्हणजे पुढे ज्यांच्याविरुद्ध तो खेळणार होता त्यांना. हिंदूंच्या क्लबाने त्याला घेतले तेही गोऱ्यांना हरवायचे होते म्हणून, आणि घेण्याआधी चर्चा केली. मैदानात त्याने टाकलेला चेंडू सगळे झेलत होते. चहाच्या वेळी मात्र त्याला पॅव्हेलियनबाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात चहा मिळे. हिंदू संघाचे कर्णधारपद त्याच्या वाट्याला आलेच नाही. ते १९२३मध्ये आले, त्याचा भाऊ विठ्ठल याच्याकडे.