चाळीतली खोली आणि हकाचा हिशेब

मुंबईच्या मदनपुऱ्यात, डोंगरीत, नागपाड्यात पागडीच्या कितीतरी चाळी आहेत. आजोबांनी पागडी मोजून खोली घेतली, वडिलांनी भाडे भरले, आता नातू राहतो. एके दिवशी मालक म्हणतो, "खोली विकायची आहे, तुम्हीच घ्या." मग प्रश्न उभा राहतो: इन्साफाची किंमत कोणती?

थोडा कायदा पाहू. १९४७च्या मुंबई भाडे कायद्याने जुन्या घरांची भाडी १९४०च्या पातळीवर बांधून टाकली. ती अशी गोठवून ठेवणे आता वाजवी राहिले नाही, असे सुप्रीम कोर्टाने १९९७ साली म्हटले. १९९९चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा ३१ मार्च २००० पासून लागू झाला. त्याने वर्षाला चार टक्के वाढीची मुभा दिली आणि पागडीच्या देवघेवीला मान्यताही दिली. पण चार टक्क्यांनी पन्नास रुपयांचे बावन्नच होतात.

भाडेकरू म्हणतो, "साठ वर्षे भाडे भरले, घर केव्हाच फिटले." हे म्हणणे टिकत नाही. भाडे म्हणजे वापराचा मोबदला, किमतीचा हप्ता नव्हे. मालक म्हणतो, "शेजारच्या नव्या इमारतीचा भाव द्या." हेही टिकत नाही. तो भाव रिकाम्या घराचा आहे. ही खोली रिकामी नाही. तिचा ताबा मालकाच्याच वडिलांनी पागडी घेऊन दिला. एकदा ज्याचे पैसे घेतले, त्याचे पुन्हा कसे घ्यायचे? भाडेकरू आत असताना त्या खोलीचे जे मोल होते, तेवढेच मालकाजवळ विकायला शिल्लक आहे.

आधी कोणाला विचारायचे, हा दुसरा प्रश्न. हनफी फिकहमध्ये शुफ्याचा हक आधी मालमत्तेतल्या भागीदाराला, मग वाट-पाण्यातल्या भागीदाराला, मग लगतच्या शेजाऱ्याला मिळतो. भाडेकरू या यादीत नाही, कारण शुफा मिल्कियतीवर उभा आहे. पण भिंतीपलीकडच्याला विचारायचे, तर भिंतीच्या आत संसार थाटलेल्याला विचारू नये काय? फिकहने बंधन घातले नसेल, पण अखलाक ते घालतोच. शुफा पहिला मान देतो, सवलत देत नाही, हेही भाडेकरूने लक्षात ठेवावे. बाहेरचा गिऱ्हाईक जी किंमत देणार, तीच त्यानेही द्यायची.

१९८६ साली म्हाडाच्या कायद्यात एक प्रकरण जोडले गेले. मुंबईच्या जुन्या उपकरप्राप्त इमारतीतल्या सत्तर टक्के रहिवाशांनी मागणी केली, तर इमारत संपादन करून त्यांच्या सोसायटीला देता येते, आणि मालकाला मासिक भाड्याच्या शंभर पट रक्कम मिळते. भाडे पन्नास असेल तर मोबदला पाच हजार! मोडकळीला आलेली इमारत वाचावी, हा हेतू चांगलाच. पण याला रजामंदीचा सौदा कोण म्हणेल? याच वादातून निघालेल्या खटल्यात ५ नोव्हेंबर २०२४ रोजी सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने बहुमताने सांगितले की, प्रत्येक खासगी मालमत्ता ही समाजाची साधनसंपत्ती ठरत नाही.

आणि मालक म्हणजे नेहमी गडगंज शेठच असतो असे थोडेच आहे? मालकाचे निधन झाले की फराइजप्रमाणे बेटीचाही हिस्सा निघतो. पण भाड्याचे चार पैसे वाटायचे कसे, म्हणून तो वर्षानुवर्षे कागदावरच राहतो. पुढे खोल्या विकल्या जातात, भाऊ पैसे वाटून घेतात आणि बहिणीला ईदच्या कपड्यांवर समजावले जाते. भाडेकरूच्या घरीही तसेच घडते. पागडी आजोबांची, पण खरेदीखत एकाच नातवाच्या नावावर.

उर्दूच्या तासाला मी मुलांना सांगते की 'हक' म्हणजे सत्य, हक म्हणजे अधिकार आणि हक म्हणजे आपल्याकडे असलेले दुसऱ्याचे देणेही. सौद्याला बसताना दोन्ही बाजू मधलाच अर्थ घेऊन बसतात. मालकाने बाहेरून आलेला भाव लपवू नये. भाडेकरूने ताब्याचा धाक घालून भाव पाडू नये. आणि बयाणा देण्याआधी त्याने एवढे विचारावेच: "शेठ, तुमच्या बहिणींची सही झाली का?" कोणाचा तरी हिस्सा दाबून मिळालेली स्वस्ताई म्हणजे बरकत नव्हे.