मुलाच्या चित्रात हात कोणाचा?

माघ पौर्णिमा जवळ आली की गोंदिया–दुर्ग रेल्वेमार्गावरच्या दरेकसा स्थानकात माणसांची रीघ लागते. गोंदिया जिल्ह्यातल्या सालेकसा तालुक्यात धनेगावजवळच्या डोंगरात कचारगडच्या गुहा आहेत. महाराष्ट्र, मध्य प्रदेश, छत्तीसगड, तेलंगणातून येणारे गोंड भाविक या गुहांना आपल्या समाजाचं उगमस्थान मानतात. तिथे सांगितली जाणारी कथा मुलांची आहे. माता कली कंकालीची ३३ मुलं या गुहेत कोंडली गेली आणि गुहेच्या तोंडावर प्रचंड शिळा बसली. कोणाचंही बळ तिच्यापुढे चालेना. अखेर धर्मगुरू पारी कुपार लिंगो आणि जंगो रायताड यांच्या खटपटीला हिरासुका पाटालीर या वादकाची साथ मिळाली. त्याच्या वाद्याचे सूर आत पोहोचले, मुलांच्या अंगात जोर आला आणि त्यांनी आतून रेटा देऊन शिळा ढकलली. वाजवणारा मात्र त्याच शिळेखाली सापडून गेला. पुढे लिंगोने त्या मुलांना शिकवलं, गोत्रांची व्यवस्था लावून दिली, कोया पुनेमचा धर्ममार्ग दाखवला.

कथेची रूपं अनेक आहेत. नागपुरात शाळा काढणारे स्कॉटिश मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनी एकोणिसाव्या शतकात लिंगोचं गीत टिपून ठेवलं होतं. त्यांच्या मृत्यूनंतर रिचर्ड टेंपल यांनी ते १८६६ मध्ये छापलं. त्यातही गुहा आहे, शिळा आहे, कोंडणारा महादेव आणि सोडवणारा लिंगो आहे. कचारगडला आज ऐकू येणारी कथा त्याहून वेगळी असली तरी दोन्हींत सुटका आधी आहे आणि शिकवण नंतर.

प्राथमिक शाळेतल्या मुलांना कला शिकवायची म्हणजे काय करायचं, हा प्रश्न याच जिल्ह्यात विचारला तर या कथेला वळसा घालून जाता येत नाही. सूर आधी येतात, धडे मागून. शिळा हलते ती आतून. आणि ज्याच्या कलेने ती हलते तो शेवटी दिसेनासा होतो. कला बाहेरून मुलात घालायची असते की ती आतच असते? आत असेल, तर शिक्षकाने नेमकं काय करायचं? आणि कागदावर जे उमटतं ते कोणाचं?

शाळेतली परिस्थिती आधी सांगायला हवी. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने कला शिक्षणासाठी अंशकालीन निदेशकाची तरतूद केली ती सहावी ते आठवीसाठी, आणि तीही पटसंख्या शंभरावर असेल तर. पहिली ते पाचवीला वेगळा चित्रकला शिक्षक असावा असं कायदा म्हणत नाही. देवरी किंवा अर्जुनी मोरगाव तालुक्यातल्या दोन शिक्षकी शाळेत जो गुरुजी भागाकार शिकवतो तोच कलेचा तास घेतो. बालभारतीने प्राथमिक वर्गांसाठी ‘खेळू, करू, शिकू’ हे पुस्तक काढलं. त्यामागचा विचार चांगला आहे. पण पुस्तक हातात असूनही बहुतेक वर्गांत तास एका ठरलेल्या चित्रावर येऊन थांबतो.

ते चित्र सबंध महाराष्ट्राला पाठ आहे. दोन त्रिकोणी डोंगर, मधोमध उगवता सूर्य, खाली वळणं घेत आलेली नदी, काठाला झोपडी आणि एक नारळाचं झाड. गोंदिया जिल्ह्यात मूल घराबाहेर पडलं की त्याला धानाच्या बांध्या दिसतात, बोडी म्हणजे लहान तळं दिसतं, कवेलूंचं छप्पर आणि मोहाचं झाड दिसतं. नशीब चांगलं असेल तर बांधीत उभी सारसाची जोडीही दिसते, कारण महाराष्ट्रात सारस उरले आहेत ते प्रामुख्याने याच जिल्ह्यात. कागदावर मात्र नारळ येतो. मुलाला तो आवडतो म्हणून येतो असं नाही. तो काढला की कोणी रागावत नाही, हे मुलाला कळलेलं असतं.

आता त्याच मुलाला गावची बोडी काढ असं सांगितलं आणि फळ्यावर काहीच काढून दाखवलं नाही, तर काय होतं ते बघण्यासारखं असतं. मूल मोठा गोल काढतं. मग गोलाच्या चारही बाजूंनी झाडं काढतं, आणि प्रत्येक झाडाचा बुंधा बोडीकडे, शेंडा बाहेर. वरच्या बाजूची झाडं उभी, खालच्या बाजूची उलटी, डावी-उजवीकडची आडवी झोपलेली. मोठं माणूस लगेच म्हणतं, अरे, झाडं पडली की! खोडरबर पुढे येतो. पण मुलाने चूक केलेली नसते. ते बोडीच्या पाळीवरून फिरलेलं असतं. ज्या बाजूला गेलं त्या बाजूला झाड त्याच्यासमोर उभंच होतं. एका जागी उभ्या राहिलेल्या डोळ्याला जे दिसतं ते एक सत्य, आणि पायांनी फिरून जे कळतं ते दुसरं. वारली चित्रातला तारपा नाच असाच आहे. नाचणाऱ्यांचं वेटोळं वरून पाहिलेलं, माणसं बाजूने पाहिलेली. तिथे कोणी खोडरबर काढत नाही. दुसरीतल्या मुलाच्या कागदावर तो का निघावा?

इथे एक गंभीर आक्षेप येतो, आणि तो टाळून पुढे जाणं अप्रामाणिकपणाचं ठरेल. आपल्या साऱ्या परंपरा गिरवण्यावरच उभ्या आहेत. वारली लग्नात भिंतीवर पालघट देवीचा चौक लिहिणाऱ्या सवासिणी नवं काही करायला बसत नाहीत. दारातली रांगोळी मुलगी आईची बघून काढते. अशा गिरवण्यातून शतकानुशतकं कला टिकली असेल, तर शाळेतल्या नारळाने कोणाचं काय बिघडवलं?

फरक आहे, आणि तो धार्मिक अर्थाने खोल आहे. चौक लिहिणाऱ्या बाईला आपण कोणाला बोलावतो आहोत हे ठाऊक असतं. ती रेघ तिच्या आधीच्या बायकांची असली तरी बोलावणं तिचं स्वतःचं असतं. नारळ काढणारं मूल कोणालाच बोलावत नाही. ते कागदाआड लपतं. म्हणून जिव्या सोमा म्हशे यांचं उदाहरण महत्त्वाचं ठरतं. सत्तरच्या दशकात भास्कर कुलकर्णी यांनी वारली पाड्यांवर कागद आणि रंग नेले, आणि बायकांच्या हातची मानली जाणारी ही कला म्हशे यांच्या हातात वेगळीच फुलली. त्रिकोण तेच राहिले, पण त्यांतून मासेमारीचं भलंमोठं जाळं आलं, रोजचं जगणं आलं. २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. पाटणगडच्या जनगढसिंह श्याम यांचंही तसंच. ते परधान, म्हणजे गोंडांच्या देवांची गाणी बाणा या वाद्यावर गाणाऱ्यांच्या कुळातले. ऐंशीच्या दशकात भोपाळच्या भारत भवनात जगदीश स्वामीनाथन यांनी त्यांना कागद, रंग आणि जागा दिली. गाण्यात राहणारे देव चित्रात आले. दोघांनाही कोणी हात धरून शिकवलं नाही. अर्थात दोघांच्या पाठीशी जिवंत परंपरा होती. दुसरीतल्या मुलाला नुसता कागद देऊन शिक्षक बाहेर गेला तर ती शिक्षकाची गैरहजेरी होते, मोकळीक होत नाही.

मग शिकवायचं काय? पळसाची पत्रावळ याचं चांगलं उत्तर देते. पानं फार कोवळी घेतली तर टोचताना फाटतात, फार जून घेतली तर वाळल्यावर तडकतात. बांबूची किंवा गवताची बारीक काडी दोन पानांतून टाक्यासारखी घालून मोडायची. पान पानावर किती चढवायचं हे ठरवावं लागतं, कारण कमी चढलं तर वरण गळतं आणि जास्त चढलं तर पानं पुरत नाहीत. मधलं पान कोणतं, कडेची किती, कोणती बाजू वर, हा सगळा मांडणीचा विचार आहे. पुढे हायस्कूलमध्ये एलिमेंटरी परीक्षेत ‘संकल्पचित्र’ म्हणून जे येतं त्याचं मूळ इथे आहे. गळणारी पत्रावळ शिक्षकाने चुकीची ठरवावी लागत नाही, ती स्वतःच सांगते. शिक्षकाने काडी मोडायची रीत दाखवावी, पत्रावळ करून देऊ नये. हात कुठे लावायचा आणि कुठून काढून घ्यायचा, हे इतकं स्पष्ट दुसऱ्या कुठल्या वस्तूत दिसणार नाही.

आणि ही पत्रावळ एका जेवणापुरती असते. गोकुळाष्टमीला या भागात घरोघर मातीचा कान्होबा बसतो आणि दुसऱ्या दिवशी पाण्यात जातो. गोंडांचा बडा देव साजाच्या झाडापाशी असतो, त्याला मूर्ती लागत नाही. एकाच गावातल्या या दोन श्रद्धा वरवर एकमेकींच्या विरुद्ध वाटतात. एक रूप घडवून विसर्जित करते, दुसरी रूप घडवतच नाही. पण घडलेली वस्तू हीच शेवटची नव्हे, यावर दोघींचं एकमत आहे. शाळेत नेमकं उलट घडतं. प्रजासत्ताक दिनाला भिंतीवर लावायचं म्हणून शिक्षक मुलाची रेघ सरळ करतो, रंग बाहेर गेला तर पुसतो, आणि वस्तू देखणी होते. ज्या क्षणी मुलाने ठरवलं की बोडीचा गोल एवढा मोठा हवा, तो क्षण कोणाच्याच लेखी राहत नाही. विसर्जनाची सवय असलेल्या समाजाने मुलाच्या चित्राला मात्र टिकाऊपणाच्या कसोटीवर तोलावं, हे मनाला पटत नाही.

विदर्भात हा विचार नवा नाही. १९३७ मध्ये वर्ध्याला गांधीजींच्या उद्योगकेंद्री नई तालीमची परिषद झाली आणि झाकिर हुसेन समितीच्या अभ्यासक्रमात संगीत आणि चित्रकला दोन्ही आली. अक्षर गिरवण्याआधी मुलाने चित्र काढायला शिकावं, असं गांधीजींनी आत्मकथेत लिहिलं आहे. स्वावलंबी उद्योगाच्या नादात शाळेचा कारखाना होईल, ही टीका तेव्हाच झाली होती आणि ती निराधार नव्हती. १९४४ मध्ये शांतिनिकेतनच्या कलाभवनातून शिकलेले देवी प्रसाद सेवाग्रामला आले. त्यांनी वर्षानुवर्षं मुलांबरोबर काम केलं, आणि कला ही शिक्षणाची शोभा नसून पाया आहे, ही भूमिका पुढे पुस्तकातूनही मांडली. सेवाग्राम ते गोंदिया हे अंतर रेल्वेने काही तासांचं आहे. विचाराला मात्र अजून ते कापता आलेलं नाही.

अक्षराआधी चित्र, हा आग्रह गोंदियात आणखी तातडीचा आहे. इथली मुलं घरी गोंडी, हलबी, पोवारी, छत्तीसगडी, झाडीबोली बोलतात आणि पहिलीत आली की पुस्तकी मराठीसमोर गप्प होतात. बोडीचं चित्र काढलेलं मूल त्याबद्दल सांगायला लागलं की गप्प राहत नाही. फक्त ते आपल्या बोलीत सांगतं, आणि ऐकणाऱ्याला ती समजून घ्यावी लागते.

यासाठी शासनाच्या परवानगीची वाटही बघायची नाही. २०१० मध्ये राज्यात सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं तेव्हा कला, कार्यानुभव आणि शारीरिक शिक्षण या विषयांचं मूल्यमापन पूर्णपणे आकारिक ठेवलं गेलं. लेखी परीक्षा नाही, वर्षभराच्या नोंदी आहेत. म्हणजे मोकळीक कागदोपत्री मिळालेलीच आहे. तिचं काय झालं हे नोंदवहीत दिसतं. तयार वर्णनात्मक नोंदींच्या याद्या मोबाइलवरून फिरतात आणि ‘चित्रात योग्य रंग भरतो’ हे वाक्य एका वर्गातल्या निम्म्या मुलांपुढे उतरवलं जातं. त्याच रकान्यात त्याच पेनाने असंही लिहिता येईल: ‘बोडीच्या चारही बाजूंना झाडं काढली. उलटी का, असं विचारल्यावर म्हणाली, मी त्या बाजूला गेले होते. उत्तर गोंडीत दिलं. शेजारच्या मुलाने मराठीत सांगितलं.’