भुकेचा भाव

शिवथरला कीर्तन आटोपल्यावर एक दुकानदार पाया पडून शेजारी बसला. म्हणाला, "महाराज, दरड पडून वरंध घाट बंद झाला की तांदूळ चढ्या भावाने विकतो. पाप लागतं का?"

मी त्याला १७९१ सालची हकीगत सांगितली. त्या मे महिन्यात इंग्रजांचा सेनापती कॉर्नवॉलिस श्रीरंगपट्टणाजवळून हात हलवीत मागे फिरला. टिपूपेक्षा भुकेनेच त्याला हटविले. ओझ्याचे बैल मेले, मोठ्या तोफा स्वतःच्या हाताने फोडाव्या लागल्या. तोच मेलकोटच्या बाजूने हरिपंत फडके व परशुरामभाऊ पटवर्धन ह्यांची दोस्त फौज येऊन मिळाली. तिच्या बाजारात धान्य मुबलक. पण भाव ऐकून कानांवर हात ठेवावेत! आपण बाजारबुणगे म्हणून ज्यांना हसतो, त्यांनीच ते सैन्य जगविले, हेही खरे.

वाण्याने कोसच्या कोस माल वाहिला, टिपूच्या स्वारांचे भय सोसले. त्याचा दाम त्याने का घेऊ नये? उलट, स्वस्तात धान्य घेऊन महाग विकणाऱ्याला धर्मसूत्रे 'वार्धुषिक' म्हणून निंदितात. मला मात्र खुपते ते निराळेच. साहेब आणि साहेबाचा हमाल एकाच तराजूपुढे उभे. भाव दोघांना एकच. साहेबाने मोहोर टाकली. हमालाने काय टाकावे? तुकोबांचे घरही वाण्याचेच, आणि दुष्काळात त्यांची पहिली बायको अन्नावाचून गेली.

"ज्याच्यापाशी आहे त्याच्याकडून घे, नाही त्याला उधार घाल," मी म्हटले.

"आणि उधारी बुडाली तर, महाराज?"

त्या रात्री मला उत्तर सुचले नाही.