चेहऱ्याचा दोष आणि पाहणाऱ्याची नजर

वाचकहो, पुणे-बेंगळुरू महामार्गावर कराडला लागूनच मलकापूर वसले आहे. येथील कृष्णा रुग्णालय आणि त्याच्याशी संलग्न वैद्यकीय व दंत महाविद्यालये यांमुळे सातारा-सांगली जिल्ह्यांच्या खेड्यापाड्यांतून लोक उपचारासाठी या गावाची वाट धरतात. अशा परिसरात चेहऱ्याची शस्त्रक्रिया हा आता नवलाचा विषय राहिलेला नाही. अपघातात जबडा चुरडलेला तरुण, दुभंगलेला ओठ घेऊन जन्मलेले अर्भक, तंबाखू-गुटख्यातून जडलेल्या कर्करोगामुळे जबड्याचे हाड गमावलेला मनुष्य, यांच्यासाठी शल्यचिकित्सा ही अल्लाहची मोठी कृपाच होय.

परंतु याच शास्त्राच्या दारात आता एक वेगळा प्रश्न येऊन उभा राहिला आहे. एखाद्या मुलीचे खाणे, बोलणे, श्वास घेणे सर्व सुरळीत आहे. केवळ बाजूने पाहिले असता तिची हनुवटी किंचित आत गेलेली दिसते. तिने हनुवटीत रोपण बसवून घ्यावे काय? ओठाच्या आतून किंवा हनुवटीखाली छेद घेऊन, हाडावर जागा करून, सिलिकॉनचा किंवा सच्छिद्र पॉलिथिलीनचा घडवलेला तुकडा तेथे बसवतात. गालाच्या हाडांवरही असेच करतात. चेहऱ्याची रेषा बदलते. धर्माचे याविषयी म्हणणे काय?

दिव्य कुरआनने सांगितले आहे की मानवाची निर्मिती सर्वोत्तम घडणीत झाली (९५:४) आणि निर्मात्याने स्वतःच्या इच्छेने त्याला रूप दिले (८२:८). अल्लाहच्या निर्मितीत बदल करायला लोकांना लावीन, ही सैतानाची प्रतिज्ञाही त्याच ग्रंथात नोंदलेली आहे (४:११९). आदरणीय अब्दुल्लाह बिन मसऊद (रजि.) यांनी कथन केलेल्या आणि बुखारी व मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आलेल्या हदीसमध्ये गोंदणाऱ्या, चेहऱ्यावरील केस उपटणाऱ्या आणि दातांमध्ये फटी पाडून घेणाऱ्या स्त्रियांचा धिक्कार आहे. तेथे ‘सौंदर्यासाठी’ असा स्पष्ट शब्द आला आहे. इमाम नववी यांनी या शब्दावर बोट ठेवून सांगितले आहे की, उपचारासाठी किंवा दातातील दोषासाठी असे केल्यास हरकत नाही.

हा भेद समजण्यासाठी अरफजा बिन असअद (रजि.) यांची हकीकत पाहावी. इस्लामपूर्व काळातील कुलाबच्या लढाईत त्यांचे नाक कापले गेले. त्यांनी चांदीचे नाक बसवले, पण त्याला दुर्गंधी येऊ लागली. तेव्हा पैगंबर मुहम्मद (स.) यांनी त्यांना सोन्याचे नाक बसवून घ्यावयास सांगितले. पुरुषांसाठी सोने वर्ज्य असूनही ही मुभा मिळाली, कारण जे गमावले होते ते परत मिळवायचे होते.

आपल्या महाराष्ट्रातही असाच एक प्रसंग इतिहासात नोंदला गेला आहे. इंग्रज फौजेत बैल हाकणारा कावसजी नावाचा मराठा १७९२ च्या म्हैसूर युद्धात कैदी झाला आणि तेथे त्याचे नाक व एक हात छाटला गेला. पुढे पुण्याजवळ वीटकाम करणाऱ्या जातीतील एका कारागिराने कपाळाची कातडी वळवून त्याला नवे नाक दिले. ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’मध्ये हा वृत्तांत छापून आला आणि युरोपातील शल्यवैद्य ही विद्या शिकू लागले. अशा कृतीला निर्मितीतील ढवळाढवळ कोण म्हणेल? जुलै २००७ मध्ये मलेशियातील पुत्रजाया येथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय इस्लामी फिकह अकादमीच्या अठराव्या अधिवेशनानेही हेच सूत्र मांडले. जन्मजात व्यंग, अपघात वा आजाराने आलेली विद्रूपता यांवरील शस्त्रक्रिया वैध आहे; प्रकृत रूपात केवळ हौसेने किंवा अनुकरणाने केलेला बदल वैध नाही.

येथवर वाट सरळ आहे. खरी अडचण पुढे आहे. ती मुलगी म्हणेल, ‘मला हौस नाही. स्थळे येतात, फोटो पाहून किंवा चहा घेऊन परत जातात. नंतर कोणाकरवी तरी हनुवटीचा उल्लेख कानावर येतो. ही यातना यातना नव्हे काय? अकादमीने तर मानसिक त्रासाचाही विचार केला आहे.’ वाचकहो, या प्रश्नाला ‘हराम’ या एका शब्दात उत्तर देऊन मोकळे होणे न्यायाचे नाही. तिचे दुःख खरे आहे.

म्हणून ते दुःख कोठे राहते, हे पाहिले पाहिजे. ज्याच्या जबड्याचा सांधा जखडला आहे तो एकटा जेवायला बसला तरी त्याला घास घेता येत नाही. ज्याचा जबडा फार मागे असल्याने झोपेत श्वास कोंडतो, त्याला अंधाऱ्या खोलीतही त्रास होतो. त्यांचा उपचार वैद्याने करावा, त्यात शंका नाही. रूपातील विकृती सर्वसाधारण मर्यादेपलीकडची असेल, तर जाणकार डॉक्टर आणि जाणकार आलिम या दोघांचा सल्ला घ्यावा. अकादमीने विचारात घेतलेला मानसिक त्रास अशाच विकृतीतून उद्भवणारा आहे. परंतु आपल्या या मुलीला एकटीने जेवताना, नमाज पढताना, झोपताना काहीच बोचत नाही. पाहुणे समोर येऊन बसतात तेव्हा तिचे दुखणे सुरू होते. याचा अर्थ आजार तिच्या हाडात नाही. जेथे आजार नाही तेथे चाकू चालवून तो बरा कसा होणार? आज हनुवटी ठीक झाली, तर उद्या नाक, परवा रंग. शिवाय निरोगी शरीर ही अल्लाहची अमानत आहे. अशा रोपणाने जंतुसंसर्ग होऊ शकतो, ते जागचे सरकू शकते, खालच्या ओठाची संवेदना जाऊ शकते, त्याच्या दाबाने खालचे हाड झिजू शकते. दुसऱ्याच्या नापसंतीसाठी हा धोका तिनेच का पत्करावा?

तर मग आजारी कोण? कुरआनने एकमेकांची टर उडवण्यास, दोष काढण्यास आणि टोपणनावे ठेवण्यास मनाई केली, तेव्हा स्त्रियांचा वेगळा उल्लेख करून त्यांनाही बजावले (४९:११). वर ज्यांची हदीस सांगितली त्या इब्ने मसऊद (रजि.) यांच्या पोटऱ्या फार बारीक होत्या. मिस्वाकसाठी ते झाडावर चढले असता त्या दिसल्या आणि सोबतचे लोक हसले. पैगंबर (स.) यांनी त्यांना सांगितले की, हे पाय न्यायाच्या तराजूत उहुद पर्वताहून जड ठरतील. इब्ने मसऊद (रजि.) यांच्या पायांना त्यांनी काही उपाय सुचवला नाही; त्यांनी हसणाऱ्यांची समजूत दुरुस्त केली.

जुलैबीब (रजि.) यांचे उदाहरण तर थेट विवाहाचे आहे. ते ठेंगणे होते, रूपाने देखणे नव्हते. पैगंबर (स.) यांनी त्यांच्यासाठी एका अन्सारी घराण्यात मागणी घातली, तेव्हा मुलीचे आईवडील कचरले. परंतु मुलीने ते स्थळ स्वीकारले. पुढे जुलैबीब (रजि.) लढाईत शहीद झाले, तेव्हा त्यांचा देह पैगंबरांनी (स.) स्वतःच्या बाहूंवर उचलला.

याचा अर्थ इस्लाम सौंदर्याचा शत्रू आहे असा नाही. अल्लाह सुंदर आहे आणि त्याला सौंदर्य प्रिय आहे, अशी शिकवण आहे. निकाहापूर्वी वधूला पाहून घेण्याची मुभाही आहे. परंतु पाहण्याची मुभा म्हणजे उणी काढण्याचा अधिकार नव्हे. पसंती नसेल तर नम्रपणे नकार द्यावा. त्यासाठी कोणाच्या नाकाचा वा हनुवटीचा हवाला देण्याची गरज काय? मुलीचा फोटो नातेवाइकांच्या ग्रुपवर फिरवून मते मागवणे आपण थांबवू शकतो. आईने मुलीच्या देखत तिच्या रूपाची चिंता बोलून दाखवणे टाळू शकतो. आणि ज्या बहिणीने अशी शस्त्रक्रिया आधीच करून घेतली आहे, तिला हिणवणे हाही त्याच आयतीचा भंग आहे, हे ध्यानात ठेवू शकतो.

शस्त्रक्रिया वैध की अवैध, हा निर्णय आलिम देतील. पण तो प्रश्न घेऊन एखादी मुलगी आपल्याकडे आली, तर तिला उत्तर देण्यापूर्वी आपल्या घरातून गेलेल्या नकारांची आठवण करावी. अल्लाह आपल्या नजरेला आणि जिभेला शुद्धता देवो. आमीन.